अधिशोषण

दर मंगळवारी, सातच्या आत,
मढच्या जेट्टीमागे चांगुणामावशी
माझ्यासाठी एक गोणी बाजूला काढून ठेवते.
सोडे करताना उरलेली कोलंबीची टरफलं.
डोकी, पाय, मिशा, सगळं.
पैसे घेत नाही. वर दोन बोंबील घालते,
माझ्या मांजरीसाठी.
माझ्याकडे मांजर नाही.

होडीतून वर्सोव्याला उतरलं
की रिक्षावाला आधी वास घेतो, मग मीटर टाकतो,
मग मीटरवर वीस रुपये मागतो.
माझ्या संशोधनातला सगळ्यात मोठा खर्च तोच.

प्रयोगशाळेत खिडकीकडचं टेबल माझं.
टरफलं आधी आम्लात, मग अल्कलीत,
मग सात पाण्यांनी, तांदूळ धुवावेत तशी.
शेवटी उरतात पांढरट, हलक्या पापड्या
ज्यांना कोलंबी आठवत नाही.
शेजारी करवंट्यांचा कोळसा,
करवंट्या देवळामागच्या, कुणाकुणाच्या नवसाच्या,
आणि कँटीनच्या बजरंगने गच्चीवर वाळवलेला
चहाचा चोथा.
तीन थर. एक काचेची नळी. बुडाशी कापूस.

वरून सोडायचं पाणी कॅनमधून येतं,
चाचणीच्या यंत्रावरून.
दर्याचे शंभर लिटर घेतले
तर चाळीस गोडे होतात.
त्यांचा फोटो निघतो, ग्लास हातात धरून.
उरलेल्या साठांना कुणी विचारत नाही.
जवळजवळ दुप्पट खारट,
वाटेतल्या नळ्यांचं तांबं चाटून आलेले,
नळ्या तुंबू नयेत म्हणून दिलेलं औषध पोटात घेऊन
ते परत जायचे, आले तिथेच,
जिथे मावशीच्या भावाची डोल लागते.

एकदा तिने विचारलं,
काय करतेस गो या घाणीचं?
अधिशोषण, मी म्हटलं.
"शोषण?" तिचे हात थांबले. "कोणाचं?"
तसं नाही, मावशी. शोषणात गिळून टाकतात.
यात नुसतं अंगावर धरायचं.
पाण्यातलं विष येतं, टरफलाच्या कातडीला चिकटतं,
आत जात नाही.
"म्हणजे आमच्या अंगाचा वास," ती म्हणाली
आणि पुन्हा सोलू लागली.
मी वहीत लिहून घेतलं.
प्रबंधात घालता येणार नाही.

पहिले सहा तास
नळीखालच्या थेंबात तांबं नव्हतं.
रात्री साडेअकराला मर्चंटबाईंना फोन केला.
त्या म्हणाल्या, थांब.
अकराव्या तासाला जरासं दिसलं.
एकोणिसाव्याला
जेवढं वरून, तेवढंच खालून.
टरफलं भरली होती.
आलेखावरची रेघ इतका वेळ जमिनीला पाठ लावून होती,
ती दारावर थाप पडल्यासारखी उठली.
आणि मीठ?
मीठ सगळं तसंच गेलं, चिमूटभरही कमी नाही.
त्याला अडवायला मी निघालेच नव्हते,
तरी वाईट वाटलं.

परीक्षक विचारणारच:
भरलेल्या टरफलांचं काय?
सौम्य आम्लाने धुतली. तांबं उतरलं,
जुन्या दौतीच्या तळाशी राहते तेवढी निळाई, एका बशीत.
टरफलं पुन्हा नळीत भरली.
दुसऱ्यांदा चौदा तास टिकली,
तिसऱ्यांदा नऊ.
बशीचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही.
कपाटात आहे, तारीख टाकून.

काल एक बाटली घेऊन गेले मावशीकडे, दाखवायला.
थांब म्हणेपर्यंत तिने बोट बुडवून जिभेला लावलं.
"खारटच आहे की गो."
हो.
"मग एवढं केलंस काय?"
सांगितलं, तांबं, नऊ तास, चौदा तास,
टरफलं थकतात, सगळं.
तिने ऐकलं का, कळलं नाही.
भाव करणारी एक बाई मध्येच आली, गेली.

मग पायाने गोणी पुढे सरकवली
आणि मागून आणखी एक ओढली.
"ही पण ने," म्हणाली.
"थकतात म्हणालीस ना."